बाळंतिणीजवळ कोण आहे?

२००५-०६ साली देशात शंभरातली जेमतेम ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, हा आकडा ८८.६ टक्क्यांवर गेला. महाराष्ट्रात तो ९४.७ होता. पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या कोंदट खोलीत, सुईणीच्या हातावर होणारं बाळंतपण पंधरा वर्षांत आरोग्य केंद्राच्या टेबलावर आलं. त्यामागे २००५ ची जननी सुरक्षा योजना आहे. गावोगावच्या आशाताईंच्या खेपा आहेत, २०११ पासून मोफत झालेली प्रसूती आणि औषधं आहेत, रात्री-अपरात्री धावणाऱ्या १०२ आणि १०८ च्या गाड्या आहेत. एक लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांचं प्रमाण २००४-०६ मध्ये देशात २५४ होतं; २०२०-२२ मध्ये ते ८८ झालं. महाराष्ट्रात १३० वरून २०१८-२० पर्यंत ते ३३ वर उतरलं होतं. हे यश मोठं आहे.

पण त्याच कुटुंब आरोग्य पाहणीतला आणखी एक आकडा अस्वस्थ करतो. जन्मल्यापासून तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं देशात फक्त ४१.८ टक्के होती. दहातल्या जवळपास नऊ बाया दवाखान्यात बाळंत होतात, आणि पहिल्या तासात अंगावर पाजलं जातं ते दहातल्या चारच बाळांना. या कामाला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही, पैसाही लागत नाही. बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि ते नीट ओढायला लागेपर्यंत दोघांजवळ थांबायचं, एवढंच. त्यासाठी एक माणूस लागतो, ज्याला हे येतं आणि ज्याच्याकडे तेवढा वेळ आहे.

तो माणूस म्हणजे नर्स. गेल्या दोन दशकांत बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणण्यावर देशाने जेवढी ताकद लावली, त्या मानाने दाराच्या आत तिच्याजवळ कोण आहे याकडे फार कमी लक्ष दिलं. माता आणि नवजात बाळांच्या आरोग्याचा पुढचा सगळा प्रश्न इथेच अडला आहे.

बाळंतपण म्हटलं की डोळ्यांसमोर डॉक्टर येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात प्रत्यक्ष बाळ हातात घेणारी मात्र बहुतेक वेळा सिस्टरच असते. उपकेंद्रावरची एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, साधारण पाच हजार लोकसंख्येची जबाबदारी सांभाळते, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांची. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, कुटुंब नियोजन, साथीचे सर्व्हे, रजिस्टरं आणि आता मोबाइलवरच्या नोंदी हे सगळं उरकून रात्री कळा सुरू झालेली बाई आली, तर दार उघडणारीही तीच.

तिच्या हातात नेमकं काय असतं, हे बाळ बाहेर आल्यानंतरच्या मिनिटांत कळतं. घरच्यांचं लक्ष रडणाऱ्या बाळाकडे जातं. जाणती सिस्टर दोन्हीकडे बघते. पोटात दुसरं बाळ नाही याची चाचपून खात्री करते आणि मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटांचं इंजेक्शन देते. बाळ रडतंय, रंग चांगला आहे असं दिसलं की नाळ कापायची घाई ती करत नाही. एक ते तीन मिनिटं थांबलं की वारेतलं बरंच रक्त बाळाला मिळतं आणि पुढच्या महिन्यांत त्याचं लोह टिकतं. मग एक हात ओटीपोटावर ठेवून गर्भाची पिशवी वर धरायची आणि दुसऱ्या हाताने नाळ हळूच ओढत वार बाहेर काढायची. वार पुरी आली का, हे ती उलटीपालटी करून पाहते, कारण आत राहिलेला छोटासा तुकडाही पुढे रक्तस्राव घडवतो. त्यानंतर पोटावर हात. पिशवी आवळली असेल तर बेंबीखाली क्रिकेटच्या चेंडूसारखी टणक लागते. सैल पडली असेल तर हाताला सापडतच नाही, आणि ती चोळून आवळावी लागते. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, पिशवी आणि अंगावरून जाणारं रक्त पाहायचं असतं. एकाच सिस्टरकडे तीन बाळंतिणी, एक अडलेली बाई आणि बाहेर वाद घालणारे नातेवाईक असतील, तर यातली कुठली तपासणी गळते हे सांगायला नको.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा मातामृत्यूंच्या कारणांत सर्वांत वरचा. त्याच्याशी झालेल्या लढाईतला एक महत्त्वाचा टप्पा मराठी वाचकांच्या अगदी शेजारी, बेळगावात घडला. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या १६२० बाळंतिणींवर अभ्यास केला. तो २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. डॉक्टर नसलेल्या ठिकाणी एएनएमनी बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तर अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जाणाऱ्या बायकांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. हे इंजेक्शन नव्हतं, ही फ्रीजमध्ये ठेवायची औषधंही नव्हती. साध्या गोळ्या होत्या आणि त्या देणाऱ्या गावच्या नर्सबाई होत्या.

याच अभ्यासात आणखी एक साधी वस्तू वापरली गेली. बाळंतिणीखाली अंथरायचं प्लॅस्टिक, त्याला खाली निमुळती होत जाणारी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. चादरीत, कापसात, बादलीत मुरलेल्या रक्ताचा डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी कमी भरतो, आणि हा कमी भरलेला अंदाजच बाईच्या जिवावर बेततो. रेघांची पिशवी खरं काय ते दाखवते. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांमध्ये अशा पिशवीचा वापर तपासला गेला. माप ओलांडलं की वाट न पाहता गर्भपिशवीची मालीश, ती आवळणारं औषध, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकत्र सुरू करायचं, अशी पद्धत सिस्टरना शिकवली होती. २०२३ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचा धोका ६० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. औषधं सगळी जुनीच होती. वेळेवर ओळखणं आणि ओळखल्यावर हात चालवणं, एवढाच काय तो फरक.

तेच ऑक्सिटोसिन चुकीच्या वेळी दिलं तर घातक ठरतं. ‘कळा येत नाहीत, कळांचं इंजेक्शन द्या’ असा आग्रह नातेवाईकच धरतात आणि काही ठिकाणी तो पुरवलाही जातो. बाळ पोटात असताना बेहिशेबी दिलेलं हे इंजेक्शन बाळाचा श्वास कोंडू शकतं, पिशवी फाडू शकतं. म्हणून नातेवाइकांच्या आग्रहाला ‘नाही’ म्हणण्याची हिंमत आणि तसं म्हणणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी उभी राहणारी यंत्रणा, दोन्ही लागतात.

रक्तस्रावाचा प्रसंग टेबलावर उभा राहण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. ज्या बाईच्या अंगात मुळात रक्तच कमी, तिला थोडा रक्तस्रावही सोसत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी होत्या, महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के. लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, पण पोटात जात नाहीत. मळमळ होते, शौचाला काळी होते, आणि ‘गोळ्यांनी बाळ मोठं होतं, मग बाळंतपण जड जातं’ ही समजूत सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते. कार्डावर ‘गोळ्या दिल्या’ अशी खूण करायला क्षण पुरतो. जेवणानंतर घे, चहाबरोबर घेऊ नकोस, काळ्या शौचाला घाबरू नकोस, हे समजावून पुढच्या भेटीत पाकिटात किती गोळ्या उरल्या ते पाहायला दहा मिनिटं लागतात. दर महिन्याच्या ९ तारखेला २०१६ पासून सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी भरते. तिथली गर्दी पाहिली की ही दहा मिनिटं कुठून काढायची, असाच प्रश्न पडतो.

रक्तदाबाचंही तसंच. सातव्या-आठव्या महिन्यात पाय सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांसमोर अंधारी येते, अशा तक्रारी घरात ‘दिवसच तसे आहेत’ म्हणून सोडून दिल्या जातात. रक्तदाब मोजणारी आणि लघवीत प्रथिनं तपासणारी सिस्टर झटके येण्याआधीच धोका पकडू शकते. ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या २००२ च्या अभ्यासाने दाखवलं की मॅग्नेशियम सल्फेट दिल्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी त्याचा पहिला डोस केंद्रावरच द्यायचा असतो. न देताच गाडीत बसवलं तर बाईला वाटेतच झटके येऊ शकतात.

मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत पावसाळ्यात वाट हाच आजार होतो. ओढ्याला पूर आला की गाडी पलीकडे थांबते आणि बाई झोळीतून येते. म्हणून महाराष्ट्राने आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ ही सोय सुरू केली: तारखेच्या काही दिवस आधी गरोदर बाईने तिथे येऊन राहायचं, सोबतच्या माणसालाही राहता येतं. कल्पना उत्तम आहे. ती चालते तिथे, जिथे स्वयंपाक आवडीचा मिळतो, आपली बोली बोलणारं कुणी असतं आणि सिस्टर रोज येऊन विचारपूस करते. घरी दोन लहान मुलं आणि शेतात निंदणी टाकून बाई उगीच येऊन पडून राहणार नाही.

बाळाचं पहिलं मिनिट हा वेगळाच अध्याय आहे. बहुतेक बाळं आपोआप रडतात. काहींना पुसावं, पाठीवर चोळावं लागतं. थोडी मात्र तरीही श्वास घेत नाहीत, आणि त्यांना मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने हवा द्यावी लागते. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. बाहुलीवर पुन्हा पुन्हा हात बसवावा लागतो. देशात २००९ पासून त्याचं प्रशिक्षण दिलं जातं, पण वर्षातून दोन-चार वेळाच असं बाळ पाहणाऱ्या सिस्टरचा हात सरावाशिवाय विसरतो.

नवजात बाळ वाचवायला किती साधी माणसं पुरतात, हे गडचिरोलीने जगाला शिकवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या घरी जात, बाळाचं वजन करत, ताप पाहत, घड्याळ धरून श्वास मोजत, थंड पडलेल्या बाळाला गुंडाळून ऊब देत, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरच्यांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. तेव्हा अनेक तज्ज्ञांना हे साहस वाटलं होतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्याच पायावर २०११ मध्ये आशांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी हा देशभरचा कार्यक्रम उभा राहिला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हीच दिशा धरली होती. गावातल्या, बहुतेक दलित आणि गरीब बायकांच्या हाती त्यांनी आरोग्य सोपवलं.

कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं रुग्णालयात कशी जगवायची, याचं एक उत्तर कोलंबियातल्या बोगोटातून आलं. १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांच्या विभागात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, म्हणून बाळं आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधली गेली. कांगारू पद्धत म्हणून ती पुढे जगभर गेली. तरी बरीच वर्षं समजूत अशी राहिली की बाळ आधी यंत्रात स्थिर करायचं आणि मग आईकडे द्यायचं. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतल्या अभ्यासाने २०२१ मध्ये ही समजूत खोडली. १ ते १.८ किलोच्या आतल्या ज्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवलं, त्यांच्यातले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी आईची खाट बाळाच्या कक्षातच हवी. सिझेरियनच्या टाक्यांनी कण्हणाऱ्या आईला तासन्‌तास बाळ नीट धरायला मदत करणारी नर्सही हवी. आपल्याकडे नवजात अतिदक्षता कक्षाच्या दारावर अजूनही अनेक ठिकाणी ‘नातेवाइकांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे, आणि त्या नातेवाइकांत आईही मोजली जाते.

नर्सांची संख्या हा इथे जीवनमरणाचा मुद्दा होतो. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. १० दगावली, ७ वाचवता आली. त्यानंतर राज्यभर आगीच्या तपासणीची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण स्वतःहून कूसही बदलू न शकणाऱ्या जिवांच्या खोलीत रात्रीच्या पाळीला किती जाणती माणसं सतत हजर असतात, हा प्रश्न तितक्या जोराने विचारला गेला नाही. दर तीन-चार खाटांमागे पाळीला एक नर्स, हा निकष कागदावर केव्हाचाच आहे.

आता वागणुकीकडे वळायला हवं, कारण बायका आपसात बोलतात ते याविषयीच. ‘ओरडू नको’, ‘आधी कळलं नाही का’, मांडीवर मारलेली चापट, पडद्याशिवाय केलेली तपासणी, टाके घालताना न दिलेली भूल. हे सरसकट सगळीकडे होत नाही. पण जिच्या वाट्याला येतं ती विसरत नाही, आणि पुढच्या खेपेला बहिणीला सांगते. असं वागणं क्षम्य नाही. त्याचं मूळ मात्र केवळ स्वभावात शोधून चालणार नाही. बारा तास उभ्या, करारावर, अपुऱ्या पगारावर, वरिष्ठांची बोलणी खात आणि बाळ दगावलं तर पहिला दोष आपल्यावरच येणार या धास्तीत काम करणाऱ्या बाईकडून हळुवारपणाची अपेक्षा करताना तिच्याशी कोण हळुवार वागतं, हेही बघावं लागतं.

सोबतीची माणसं आत येऊ देणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. तमिळनाडूने २००४ मध्येच सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ एका ओळखीच्या बाईला थांबू द्यायला सुरुवात केली. कळांच्या काळात सतत कुणी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात, नैसर्गिक प्रसूती वाढतात, हे २६ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून २०१७ मध्ये पुन्हा दिसलं. केंद्र सरकारच्या २०१७ च्याच ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने प्रसूतिकक्षांत पडदे, सोबतीण आणि सन्मानाची वागणूक हे निकष केले. आई हात धरून बसली की लेक घाबरत नाही. शिवाय आई समोर असताना सिस्टरचाही आवाज चढत नाही.

निकष आणि तपासयाद्या किती पुरतात, याचा धडा उत्तर प्रदेशाने दिला. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची यादी तिथल्या १२० केंद्रांच्या अभ्यासात वापरली गेली. मार्गदर्शक येत होते तोवर हात धुण्यापासून रक्तदाब मोजण्यापर्यंत बऱ्याच गोष्टी सुधारल्या. २०१७ मध्ये निकाल आला, तेव्हा माता आणि बाळांच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. यादी ही आठवण करून देते. कौशल्य, औषध, रक्त आणि वर पाठवण्याची सोय ती निर्माण करत नाही. तमिळनाडूने वेगळा रस्ता धरला: प्राथमिक केंद्रात तीन स्टाफ नर्स नेमल्या, म्हणजे चोवीस तासांत कुठल्याही घटकेला एक तरी हजर. साधं गणित आहे, पण त्यासाठी दरमहा पगाराचा पैसा मोजावा लागतो.

याहून खोल प्रश्न नर्सच्या हुद्द्याचा आहे. आपल्याकडे जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतलेली प्रत्येक मुलगी नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नावांनी नोंदली जाते. नोकरीत मात्र ती आज प्रसूतिकक्षात, सहा महिन्यांनी अपघात विभागात आणि वर्षाने डोळ्यांच्या वॉर्डात. हात बसतो न बसतो तोच बदली. सुईणीला स्वतंत्र हुद्दा आणि अधिकार देण्याचं पाऊल स्वीडनने फार पूर्वी उचललं. १८२९ मध्ये तिथल्या प्रशिक्षित सुईणींना प्रसूतीचा चिमटा वापरण्याची परवानगी मिळाली होती. श्रीलंकेने गावोगाव नेमलेल्या सार्वजनिक आरोग्य सुईणींच्या जोरावर मातामृत्यू आटोक्यात आणले, तेही श्रीमंत होण्याच्या आधी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार सुईणींची सेवा सर्वत्र पोहोचली तर ६७ टक्के मातामृत्यू आणि ६४ टक्के नवजात मृत्यू टळू शकतील.

भारताने २०१८ मध्ये मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नर्सना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन वेगळी फळी उभारायचं ठरवलं. त्याआधीच, २०१७ मध्ये, तेलंगणाने हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीने सरकारी नर्सना असं शिकवायला सुरुवात केली होती. याची गरज सिझेरियनच्या आकड्यांतही दिसते: २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली होती. त्यांतली कित्येक आवश्यक असतात. पण बारा-चौदा तास कळांबरोबर धीराने बसायला, चालवायला, कूस बदलवायला आणि कधी थांबू नये हे ओळखायला तयार हात असतील, तर त्यांतली काही टळतील, यात शंका नाही. डॉक्टरांना यात स्पर्धा वाटू नये. अडलेल्या बाईसाठी शस्त्रक्रिया लागणारच, आणि सुईणीने वेळेवर हाक मारली तर ती अधिक सुरक्षित होईल.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभारलं आणि मध्यमवर्गीय घरांतल्या विधवांना नर्सिंगकडे वळवलं. तेव्हा परक्याचं अंग पुसणं हे हलकं काम मानलं जात होतं. त्या मानसिकतेचा माग आजही पगारपत्रकात सापडतो.

बाई घरी परतली की दवाखान्याचं लक्ष संपतं, धोका मात्र संपत नाही. टाक्यांत पू होतो, स्तन तटतटतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही बायका कारण नसताना रडतात, बाळाकडे बघवत नाही म्हणतात. घरात सव्वा महिन्याचा विटाळ आणि पथ्यं पाळली जातात. डिंकाचे लाडू आणि अळीव मिळतात, पण काही घरांत पाणी आणि पालेभाजी तोडली जाते. या काळात घरी येणारी बहुतेकदा एकमेव प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे आशा: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सहाही भेटी पूर्ण झाल्या, बाळाचं वजन नोंदलं गेलं, तर तिला केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून २५० रुपये मिळतात. त्या भेटींच्या फॉर्ममध्ये बाळासाठी रकाने भरपूर आहेत. आईच्या झोपेविषयी, मनाविषयी आणि तिच्या अंगावरून अजून किती जातं याविषयी आशाताईने सविस्तर विचारावं, यासाठी आधी तिला ते शिकवावं लागेल. मग तिने सांगितलेलं ऐकून घेणारी सिस्टर उपकेंद्रावर हजर ठेवावी लागेल, आणि दोघींच्या या वेळेचा पगार सरकारला द्यावा लागेल.